भूज ते पोर्ट ब्लेअर, बाबांच्या हिशेबाने

परवा माझी नात मोबाईलवर काहीतरी बघत बसली होती. मी म्हटलं, त्या डबड्याला विचार, भूजहून पोर्ट ब्लेअर किती लांब. तिने अंगठ्याने दोन नावं टाकली आणि चष्मा नाकावर चढवेपर्यंत उत्तर हजर. नकाशावर एक रेघ, खाली किलोमीटर, त्याच्या खाली विमानाला लागणारा वेळ. चार तासांच्या आतबाहेर. मी एवढ्या जोरात हसलो की सूनबाई स्वयंपाकघरातून बघायला आली, म्हाताऱ्याला काय झालं म्हणून. मी नातीला सांगितलं, तुझ्या मोबाईलने आज जे सांगितलं ते तुझ्या खापरपणज्याने नव्हे, सख्ख्या पणज्याने कधीच सांगून ठेवलंय, ह्याच लालबागेत, जमिनीवर मांडी घालून, हातात सूत धरून. आणि दोघांचंही चुकलं. चार तासांत भूजहून पोर्ट ब्लेअरला पोचलेला माणूस मला आणून दाखवा, मी त्याच्या पाया पडेन. मी तो प्रवास केलाय. माझी शाळा चौथीत सुटली, इंग्रजी पाटी वाचायला मला अजून वेळ लागतो, पण ह्या एका बाबतीत मोबाईलने माझ्याशी वाद घालायचं कारण नाही. नात म्हणाली, आजोबा, मग लिहून ठेवा ना. बरं म्हटलं. लिहितो. आता ह्या टॉवरच्या सतराव्या मजल्यावर दुसरं काम तरी काय आहे मला.

तेव्हा ह्याच जागेवर आमची चाळ होती, तीन मजल्यांची, आणि आमची खोली दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून. खोली एक, पण त्यात आईची खानावळ. गिरणीतले गाववाले, बायकापोरं गावी आणि स्वतः इथे, असे मेंबर तिच्याकडे जेवायचे. गिरण्या चालू होत्या तेव्हा पाळीप्रमाणे पंगती उठायच्या. गिरण्यांचं पुढे काय झालं ते सगळ्या मुंबईला माहीत आहे, मी उगाळत बसत नाही. मेंबर कमी झाले, पण आईचा स्टोव्ह थंड झाला नाही. सकाळी डोळा उघडायचा तो त्या स्टोव्हच्या फरफरीने, नाहीतर गॅलरीत पाट्यावर खोबरं वाटायच्या आवाजाने. बांगड्याचं तिखलं झालं की वास खालच्या वाण्याच्या दुकानापर्यंत जायचा आणि वाणी बिचारा उदबत्ती लावायचा. कुळथाची पिठी, भात, भाजलेला सुका बोंबील, आणि शुक्रवारी मटण असलं तर वडे. ताटात वाढताना आई कोणाला किती भूक आहे हे तोंड बघून ओळखायची. हात आखडता घेतलेला मी कधी बघितला नाही.

आमच्या घरात लांबी मोजायची रीतही तिचीच होती. कोणी मेंबर गावाला निघाला की ती किती मैल, किती तास असलं विचारायची नाही. वाटेत कितीदा जेवायला बसणार, एवढंच. त्याप्रमाणे शिदोरी बांधायची. देवगडला एसटीने जाणारा एका जेवणाचा, पुढे चालत घाटी उतरणारा दीड जेवणाचा. कुणाची बायको आजारी असली आणि तो घाबरा होऊन निघाला असला तर एक जेवण कमी, कारण घशाखाली उतरत नाही. पण तेही ती बांधायचीच, म्हणायची परतताना खाशील. तिचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही. बाबांना मात्र ही रीत बायकी वाटायची. ते गिरणीच्या विणखात्यात साचे, म्हणजे माग, चालवलेले, कापडाचा वार आणि सुताचा नंबर बोटांनी सांगणारे. त्यांचं म्हणणं, मापाला माप पाहिजे.

बाबांचा आणि कुसुमताईचा अबोला होता. ताई माझ्याहून मोठी. शिवडीला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. तिथेच गोदीच्या गोदामात काम करणारा दत्ताराम तिला भेटला. मुलगा निर्व्यसनी, आमच्याच बाजूचा, दिसायलाही बरा. पण बाबांनी गावी दुसऱ्या घरी शब्द देऊन ठेवलेला. ताई म्हणाली, शब्द तुम्ही दिलात, मी नाही. आणि तिने लग्न केलं. बाबा ओरडले नाहीत, की हात उगारला नाही. त्यांनी फक्त तिचं नाव घ्यायचं सोडलं. आई तिच्याबद्दल काही बोलायला लागली की ते रेडिओचा कान पिळायचे. पुढे दत्तारामला अंदमानात बंदरावर नोकरी लागली आणि तो ताईला आणि आपल्या आईला घेऊन पोर्ट ब्लेअरला गेला. मुलगा झाला, फोटो आला. आईने तो देवाच्या फळीवर उभा केला. बाबा रोज त्याच फळीसमोर हात जोडायचे, पण फोटोकडे त्यांची मान वळलेली मी पाहिली नाही. हट्ट हा आमच्या घराण्याचा. कोणाकडून कोणाला आला ते विचारू नका.

मी तेव्हा विशीचा. चाळीत बसून काय करणार म्हणून एका कंत्राटदाराबरोबर कच्छात गेलो होतो, भूजच्या पुढे, गोदामांचे लोखंडी सांगाडे उभे करायला. उंचावर चढून नट आवळायचं काम. पडायची भीती मला कधी वाटली नाही, अजून नाही. होळीला चार दिवस घरी आलो होतो तेव्हा ताईचं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. मुलाचं जावळ काढायचंय, आणि ताईच्या सासूबाई विचारतात, माहेरचा मामा येणार का, की इथलाच कोणी मामा मानून बसवू.

ज्यांना आता ह्या गोष्टी माहीत नसतील त्यांच्यासाठी सांगतो. पोराचे जन्माचे पहिले केस उतरवतात ते जावळ. पोरगं त्या वेळी मामाच्या मांडीवर बसतं. बापाच्या नाही, आजोबाच्या नाही, मामाच्याच. ती मांडी म्हणजे माहेर. सख्खा मामा असताना मानलेला मामा बसला तर त्याचा अर्थ एकच, की बाईच्या पाठीमागे कोणी उरलं नाही. त्या अंदमानात ताईला हे रोज ऐकावं लागलं असतं, आणि पुढे पोराला. आईने भाताचं पातेलं खाली ठेवलं. ती बाबांशी बोलली नाही, भिंतीशी बोलली. म्हणाली, "दुनियेच्या झिलांका रोज जेवूक घालतंय. माझ्या नातवाच्या जावळाक माझो झील नको?" झील म्हणजे आमच्या मालवणीत मुलगा.

मी म्हटलं मी जातो. बाबा जेवत होते. त्यांनी ताक मागितलं, प्यायले, उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. संपला विषय असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा काखेत एक गुंडाळी घेऊन आले. कुठल्याशा शाळेतून भंगारात निघालेला हिंदुस्थानचा नकाशा, कडेला उंदराने खाल्लेला. जेवणं आटपली होती, मेंबर पान खात बसले होते. बाबांनी खरकटं पुसलेल्या जमिनीवर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार पाणी प्यायचे तांबे ठेवले आणि खिशातून सुताची कांडी काढली. कोणासाठी, कशासाठी, काही बोलले नाहीत. मला म्हणाले, तू कामावरूनच निघणार, भूज दाखव. मी दाखवलं. पोर्ट ब्लेअर मात्र शोधावं लागलं, ते समुद्रात पार खाली, तांब्याच्या बुडाखाली निघालं. बाबांनी सुताचं एक टोक भूजवर अंगठ्याने दाबलं, दुसरं अंदमानावर, आणि सूत ताणलं. असं ताणलं की वाजवलं असतं तर वाजलं असतं. ते आख्ख्या हिंदुस्थानावरून आडवं गेलं आणि समुद्रावरून सरळ त्या बेटावर उतरलं.

आमच्यात भिकाजी म्हणून एक मेंबर होता, घोडपदेवचा, तोंडाने फार. त्याचा साडू सांताक्रूझला विमानात सामान चढवायच्या कामावर, म्हणून विमानांबद्दल आमच्या खोलीत भिकाजीचा शब्द शेवटचा. तो म्हणाला, मुंबई-नागपूरला विमान तासाभरात टेकतं. झालं. बाबांनी मुंबई ते नागपूर एवढं सूत मोजून चिमटीत धरलं आणि भूज-पोर्ट ब्लेअरच्या सुतावर घडी घालत गेले. बरोबर चार घड्या बसल्या, तसूभर इकडेतिकडे नाही. मेंबर मान डोलवायला लागले. भिकाजी मला म्हणाला, "चार तास. सदा, तू लालबागहून ठाण्याला जाऊन येशील तेवढ्यात अंदमान."

"सकाळचो च्या पियान निघालो," बाबा नकाशाकडे बघत माझ्याबद्दल म्हणाले, "तर दुपारच्या जेवणाक थंय."

आईने एवढंच विचारलं की मधे कुठे बदलायला नको ना. बाबा म्हणाले, विमान आहे ते, एसटी नाही. आकाशात कसला फाटा आणि कसला घाट. सगळे हसले, आई नाही हसली. आमच्यापैकी विमानाच्या ऑफिसात कोणी पाय ठेवलेला नव्हता, पण नकाशा समोर होता, सूत सरळ होतं, आणि साच्यावर आयुष्य काढलेल्या माणसाच्या सुतावर शंका कोण घेणार. मी पोस्टकार्ड घेतलं. बाबा म्हणाले, तू तुझ्याकडून लिही. आणि मग ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो: अमक्या बुधवारी दुपारी जावळ ठेवा, मामा त्याच दिवशी सकाळी भूजहून निघून चार तासांत, जेवायच्या वेळेला हजर होईल, न्हाव्याला सांगून ठेवा. ताईचं नाव त्यांनी तेव्हाही घेतलं नाही. पण न्हाव्याला सांगून ठेवा हे त्यांचंच.

भूजला परत गेलो. सुट्टी मिळायची होती ती त्या बुधवारची आणि नंतर थोडे दिवस, म्हणून मुंबईहून थेट जाण्याचा प्रश्न नव्हता. तिकिटासाठी विमानाच्या ऑफिसात गेलो, अंगावर धुतलेला शर्ट घालून. काउंटरवरच्या गुजराती बाबूला म्हटलं, पोर्ट ब्लेअर, बुधवार सकाळ. तो म्हणाला, कुठून? म्हटलं इथून. त्याने पेन खाली ठेवलं. "भाई," म्हणाला, "यहाँ से प्लेन बंबई जाता है. बस. और कहीं नहीं जाता." मी म्हटलं नकाशावर सरळ आहे. तो म्हणाला, नकाशावर चंद्रही सरळ आहे. माणूस वाईट नव्हता. त्यानेच मग पुस्तक उघडून मला समजावलं: भूजहून मुंबई, मुंबईहून मद्रास, मद्रासला मुक्काम, मग सकाळचं विमान बेटावर, तेही रोज नाही. म्हणजे बुधवारी पोचायला मंगळवारी सकाळी निघायला हवं, आणि एकही विमान चुकायला नको. लहान गावाहून लहान गावाला विमान जात नाही हे मला त्या दिवशी कळलं. आधी मोठ्याच्या दारात जायचं, मग दुसऱ्या मोठ्याच्या, मग आपल्या माणसाकडे.

कंत्राटदार म्हणाला मंगळवार देणार नाही, छपराचे पत्रे चढवायचेत. मी म्हटलं एक दिवसाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, गेलास तर परत येऊ नकोस. काम तर आता कुठे मिळालेलं, मागे गिरण्यांचं ते झालेलं, घरात माझ्याच कमाईचा आधार. मी पाना त्याच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, पत्रे पुढच्या आठवड्यातही चढतील, माझ्या भाच्याचं जावळ एकदाच आहे. आणि निघालो. घरी तार केली की वाटेत मुंबईला उतरतोय, ताईला केली की बुधवारी सकाळच्या विमानाने येतोय.

भूजचं विमानच उशिरा उडालं. सांताक्रूझला उतरलो तेव्हा मद्रासच्या विमानाला जेमतेम वेळ उरला होता. बाहेर कठड्यापाशी आई उभी, इस्त्रीच्या लुगड्यात, हातात चार पुडांचा डबा, शेजारी भिकाजी. भिकाजीचं तोंड त्या दिवशी बंद होतं, साडू तोंडघशी पडला होता ना. आईने आधी पोराची कुंची आणि चांदीचे वाळे माझ्या पिशवीत घातले, मग डबा दिला, आणि नेहमीचंच विचारलं, "वाटेत कितीदा जेवूक बसतलंस?"

मी म्हटलं, आज रात्री, बस्स. उद्या दुपारी तिथेच जेवणार.

"मी चार जेवणांचा बांधलंय," ती म्हणाली. "वडे टिकतत."

मी म्हटलं आये, विमान आहे, बोट नाही. ती म्हणाली असू दे. तेवढ्यात मला खांबाच्या पलीकडे बाबा दिसले. पाठ करून उभे, विमानं बघायला आल्यासारखे. मी जवळ गेलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "माझा सूत सरळ होता."

"सरळच होतं बाबा. विमानं वाकडी जातात."

"मग तेंका कळणा नाय," बाबा म्हणाले. आणि मग, अजून पाठ माझ्याकडेच, "पोराक घट धरून बस. न्हाव्याचो हात हलता कामा नये."

मी आत पळालो. आज ह्या वयात मला वाटतं, माणूस अबोला सोडायला तयार असतो, त्याला फक्त कोणी बघितलेलं नको असतं. तेव्हा एवढं कळत नव्हतं. तेव्हा मी फक्त पळत होतो.

मद्रासचं विमान मिळालं. तिथली रात्र मी विमानतळाच्या बाकावर काढली, लॉजवर झोपून उठायला उशीर झाला तर काय घ्या. बुधवारी सकाळी पोर्ट ब्लेअरच्या विमानात बसलो तेव्हा मी जिंकलो असं मला वाटत होतं. खिडकीची जागा. खाली नुसता समुद्र, इतका की बघून कंटाळा यावा. शेजारी एक तमिळ म्हातारे गृहस्थ, मुलाकडे चाललेले, त्यांना थोडं हिंदी यायचं. मी त्यांना जावळाचं सांगितलं, ते म्हणाले आमच्यातही मामाच. आमची दोस्ती झाली. मग ढग आले. पांढरे नाहीत, काळेकुट्ट, कापसाच्या गोदामाला आग लागल्यावर धूर निघतो तसले. विमान फिरायला लागलं. एकदा फिरलं, पुन्हा फिरलं. म्हातारे म्हणाले खाली बेट आहे, उतरायला वाट बघतोय. मी काचेला नाक लावून बसलो. कुठेतरी खाली ताई होती, पोरगं होतं, पाट मांडलेला होता. आणि विमानाने नाक वळवलं आणि मद्रासला परत निघालं.

मी पट्टा सोडून उठलो. विमानातली पोरगी धावत आली, बसा म्हणाली. मी तिला म्हटलं, बाई, खाली माझी बहीण आहे, एवढं खाली, मला उतरू द्या. ती काय करणार. इंग्रजीत काहीतरी समजावत राहिली. म्हाताऱ्यांनी हात धरून मला बसवलं. परत मद्रासला आलो तेव्हा सांगितलं की उद्या सकाळी पुन्हा नेऊ. बाकीचे लोक हॉटेलांत गेले. मी त्याच बाकावर बसलो आणि आईचा डबा उघडला. वडे टिकले होते. म्हाताऱ्यांना दिले, त्यांनी दोन खाल्ले आणि तिसरा रुमालात बांधून घेतला. आईने चार जेवणं का बांधली होती ते मी तेव्हा विचारलं नाही, पुढेही विचारलं नाही. पण मद्रासच्या त्या बाकावर मला कळलं की घरात खरं माप कोणाकडे होतं.

आता तिकडे काय झालं ते ताईने मला नंतर कितीदा तरी सांगितलं, म्हणून मी बघितल्यासारखंच सांगतो. बुधवारी सकाळपासून घरात माणसं जमली होती, बंदरावरचे सगळे. न्हावी वस्तरा घेऊन हजर. ढगांच्या वर विमानाची घरघर सगळ्यांनी ऐकली. एकदा आली, फिरून आली, आणि मग लांब लांब जात बंद झाली. बेटावरच्या लोकांना त्याचा अर्थ लगेच कळतो. सासूबाई म्हणाल्या, गेलं परत. आता मुहूर्त टळायला नको, गंगारामला बसवू. गंगाराम म्हणजे दत्तारामचा बंदरावरचा सोबती, देवगडचा, भला माणूस. तो पाटावर येऊन बसलासुद्धा. त्याने मांडी घालून हात पुढे केले.

ताईने पोर दिलं नाही. सासूबाई म्हणाल्या, अगं, तुझ्या माहेरच्यांनी चार तासांत येतो म्हणून कार्ड लिहिलं होतं, त्यांचा काय भरवसा. सगळे ऐकत होते. ताई पोराला कडेवर घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "माझा भाऊ येऊन गेला. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. खाली जागा नव्हती म्हणून गेला, उद्या परत येईल. तोवर ह्या डोक्याला कोणी हात लावायचा नाही."

दत्ताराम न्हाव्याला म्हणाला, उद्या ये. गंगाराम पाटावरून उठला. ताई सांगते की तो उठताना हसत होता. म्हणाला, वहिनी, मलाही तेच बरं, मी कधी पोर धरलेलं नाही.

गुरुवारी सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. विमान पहिल्या फेरीतच उतरलं. दत्ताराम जीप घेऊन आला होता. घरी पोचलो तर दारात सासूबाई. मला आपादमस्तक बघितलं, तीन दिवसांची दाढी, मळलेला शर्ट, हातात रिकामा डबा. म्हणाल्या, "आलात एकदाचे. चार तासांचे चांगले तीन दिवस केलेत."

मी म्हटलं, "आई, तीस दिवस लागले असते तरी आलो असतो. पाट कुठेय?"

त्या बाजूला झाल्या. आतून ताई आली. तिला बघून दोन वर्षं झाली होती. ती रडेल असं मला वाटलं होतं, पण तिने आधी पोर माझ्या हातात दिलं आणि मग म्हणाली, आंघोळ कर, वास येतोय. मी न्हाऊन आलो, धोतर नेसलो आणि पाटावर बसलो. मांडीवर पोर. त्याने माझी मिशी धरली ती सोडेना. न्हावी तमिळ, त्याला मराठी कळत नव्हतं, पण जावळ कळत होतं. पाण्याचा पहिला हात डोक्यावरून फिरला तशी पोराने बोंब ठोकली. मी त्याला छातीशी धरलं, मी उंच लोखंडावर चढतो तेव्हा कडी धरतो तसं. पहिली बट निघाली. ताईने पदर पसरला होता, एक केससुद्धा जमिनीवर पडू दिला नाही. बाजूला गंगाराम उभा होता, तो म्हणाला मामा, मांडी बघा. पोराने माझं धोतर भिजवलं होतं. सगळे हसले, सासूबाईसुद्धा. वस्तरा फिरत गेला आणि माझ्या मांडीवर एक गुळगुळीत, लाल, रागावलेलं डोकं उरलं. आयुष्यात मी उंच इमारतींचे सांगाडे उभे केलेत, अजून उभे आहेत, जाऊन बघा. पण त्या दिवशी पाटावरून उठताना मी जेवढा उंच होतो तेवढा कधी झालो नाही. पुढे कंत्राटदाराने परत घेतलं नाही, तर नाही. दुसऱ्याने घेतलं. हातात कसब असलेल्या माणसाला कोणी उपाशी ठेवत नाही.

केस समुद्रात सोडून आम्ही सगळे तसेच तारघरात गेलो, मुंबईला फोन लावायला. लालबागेत फोन होता तो खालच्या वाण्याकडे. लागता लागता दुपार झाली. वाण्याने ओळखलं आणि फोन बाजूला ठेवून गॅलरीच्या दिशेने हाक मारली असणार. आई येईल म्हणून मी थांबलो. फोनवर धापा टाकत आले ते बाबा. जिना उतरून धावत आलेले.

मी म्हटलं, बाबा, झालं. मी बसलो.

मग बाबा म्हणाले, "तिका दी."

मी फोन ताईकडे दिला. ती फोन कानाला लावून उभी. नुसती मान हलवत होती, जणू त्यांना दिसणार होतं. मग तिने फोन पोराच्या तोंडापाशी नेला. ते आधीच चिडलेलं, नवं टक्कल, ओळखीचं कोणी नाही, त्याने असा टाहो फोडला की तारघरातला बाबू खुर्चीवरून उठला.

वाण्याच्या दुकानात त्या वेळी रॉकेलची रांग लागली होती. त्या रांगेत भिकाजी होता, म्हणून पुढचं आम्हाला कळलं. बाबांनी कानाचा फोन काढला, दोन्ही हातांनी वर धरला, आणि रांगेतल्या बायाबापड्यांकडे वळून म्हणाले, "आयका. माझो नातू तो. कुसुमचो. अंदमानात रडता हा."